लाकूड ओलं असेल

आमचे सर भेटलेल्या माणसाच्या डोक्यावर आधी टकटक करायचे. नमस्कार वगैरे भानगड नाही. मधलं बोट वाकवायचं, दारावर वाजवावं तसं दोनदा टाळूवर वाजवायचं आणि विचारायचं, "इथं कोण राहतं?"

नव्या विद्यार्थ्याला वाटायचं, सर गमतीत आहेत. तो हसून म्हणायचा, "मेंदू, सर." मग तिसरी टकटक बसायची, ती डोळ्यांत पाणी आणणारी. "मेंदू मालक झाला. मालक काय दारात बसून राखण करतो? राखणीला कोण आहे ते सांग." बिचाऱ्याला ते येत नसायचं, कारण पुस्तकात ते नव्हतंच. पुस्तकात नसलेलं विचारायचं आणि येत नाही म्हणून वर्गासमोर सोलून काढायचं, हा सरांचा आवडता उद्योग. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. पण तुमचे मास्तर निदान घरी गेल्यावर माणसांत येत असतील. आमचे घरीही तसेच होते. त्यांच्याकडे स्वयंपाकाला आलेली बाई कधी महिना काढायची नाही.

मी त्यांच्या लॅबमध्ये कामाला होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. इस्पितळ सांगलीच्या बाजूचं होतं एवढं पुरे, नाव सांगत नाही. तिथं आता नवी माणसं आहेत, त्यांच्या डोक्याला ताप कशाला? माझं काम असं, की सर मढ्यातून काढलेला तुकडा बरणीत घालून पाठवायचे. मी तो मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि रंगवून त्यांच्या टेबलावर ठेवायचा. वाकडा कापला गेला तर काच माझ्या पायाशी येऊन फुटायची.

सरांना फक्त मेंदूच्या पडद्यांचं वेड होतं. मेंदूचं नव्हे, पडद्यांचं. एका खंडेनवमीला आम्ही मायक्रोस्कोपची पूजा केली, झेंडूचा हार घातला, शिपायानं नारळ फोडला. सर आले, पूजेच्या ताटातली नारळाची भकलं उचलली आणि उभ्यानंच शिकवायला लागले. ही करवंटी म्हणजे कवटी. हे खोबरं म्हणजे मेंदू. खोबऱ्याला ही तपकिरी साल चिकटलेली दिसते ना, तसा एक नाजूक पडदा मेंदूला चिकटलेला असतो. त्याच्यावर आणखी एक नाजूक. आणि करवंटीला आतून चिकटलेला एक जाड, चिवट, ओल्या कातड्यासारखा. "मला हा तिसरा पाहिजे," म्हणाले, आणि प्रसादाचं खोबरं नखानं खरवडून जमिनीवर टाकत निघून गेले. शिपाई म्हणाला, "देवाचं तरी ठेवायचं हुतं." पण हे सर गेल्यावर म्हणाला.

आता त्यांचं म्हणणं काय होतं, ते सांगतो. मेंदूचा ताप म्हणतात तो या पडद्यांचा रोग. जंतू शिरले की रक्तातून पांढऱ्या पेशी धावून येतात आणि लढतात, इतकं सगळ्या डॉक्टरांना मान्य होतं. सर म्हणायचे, रोगबीग काही नसतानाही पडद्यात राखणदार पेशी असतात. बोलावलं म्हणून आलेल्या नव्हेत, कायम तिथेच मुक्कामाला असलेल्या. मी काचेवरचा तुकडा एका निळ्या रंगात बुडवायचो. बाकी सगळं निळं व्हायचं आणि त्या पेशी तेवढ्या जांभळ्या व्हायच्या, आत दाणे भरल्यासारख्या. शिराशिरांच्या कडेला बसलेल्या दिसायच्या.

एरवी सर शुद्ध बोलायचे, पुण्याच्या लोकांना लाजवील असं. पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की त्यांचा माण तालुका बाहेर यायचा. आवाजसुद्धा बदलायचा. "बसलाय बघ कसा शिरंच्या कडंला. बस गड्या, बस. कुटं जायाचं न्हाई तुला." मग मला जवळ बोलवायचे आणि म्हणायचे, "पावणं न्हवं ते. घरचंच हायत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून कुणी घरचंच म्हटलं की मला ती जांभळी टिंबं दिसतात. जगात कुणाशी ते इतक्या मायेनं बोलल्याचं मी पाहिलं नाही.

तुम्हाला वाटेल, माणसाच्या घरात कुणी मेंदूच्या तापानं गेलं असणार, म्हणून हे वेड. मलाही तसंच वाटलं होतं. मी चौकशी केली. तसं काही नव्हतं. त्यांचं कुणी तापानं गेलेलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. गावी एक भाऊ आणि एक पुतण्या होता, त्यांची पत्रं आली की सर ती न फोडता खिडकी थोपवायला वापरायचे, कारण खिडकी वाऱ्यानं आपटायची. सर तसेच होते. उगाच कारण शोधण्यात अर्थ नाही.

त्यांच्या हाताखाली पाटील नावाचा एक ज्युनियर डॉक्टर होता. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, देवमाणूस. वाटेत मुंग्यांची रांग असली की वळसा घालून जायचा. दिवस मावळायच्या आत डबा खायचा, मग पाणीसुद्धा नाही. सर मुद्दाम दिवस मावळायच्या सुमाराला त्याला शवागारात काम काढून द्यायचे. "पाटील, तुझ्या पडद्यातले राखणदार रात्रंदिवस जंतू मारतात. त्यांना सांग की मावळल्यावर हिंसा करू नका म्हणून." पाटील खाली मान घालून करवत धुवायचा. त्याला सरांचा राग येत नसे. मला यायचा, त्याच्या वाटचासुद्धा.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सरांचं म्हणणं उडवून लावलं होतं. त्यांचं उत्तर साधं होतं. तुम्ही ज्यांचे पडदे तपासता ती माणसं रोगानं मेलेली असतात. रोग म्हटला की पेशी धावून येणारच. मग तुमचे ते घरचे कशावरून? आलेले पाहुणेच ते. सर हे ऐकून आले आणि आठवडाभर कुणाच्या डोक्यावर टकटक केली नाही, यावरून काय ते समजा. मग म्हणाले, "तरुण पाहिजे. धडधाकट. रोगाचा वाराही न लागलेला. आणि ताजा." रोज सकाळी आल्या आल्या शवागाराच्या माणसाला विचारायचे, "आला का कोण?" विहिरीत पडलेला आला तर पाणी गेलंय म्हणून नको. ट्रकखालचा आला तर डोकंच फुटलंय म्हणून वैतागायचे. बाहेर बाया हंबरडा फोडतायत आणि आत हा माणूस चरफडतोय, की डोकं फुटायचं काय कारण होतं.

मग आषाढात मेजरांचा मुलगा आला.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत, हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले. पण आमच्याकडे पलटणीतून आलेल्या सगळ्यांनाच मेजर म्हणतात. मूळ कोरेगावकडचे. सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका गोदामावर राखणीला होते आणि त्यांचा एकुलता एक मुलगा तिथेच पोती मोजायला होता. त्या दिवशी पोत्यांची थप्पी त्याच्या अंगावर आली. छातीचा पिंजरा आत गेला. डोक्याला साधं खरचटलंही नव्हतं. अंगभर हळद, पिवळाधमक, लग्नातल्या नवरदेवासारखा. केस मात्र त्या काळच्या फॅशनचे, कानांवरून मानेपर्यंत आलेले.

पोस्टमार्टेम करावंच लागणार होतं, पोलिसांची केस. मेजर शवागाराच्या दारात ताठ उभे होते. रडत नव्हते. सर आले तसा त्यांनी कडक सलाम ठोकला.

"साहेब, एक अर्ज हाय. छाती बघा, प्वाट बघा. डोस्क्याला तेवढा हात लावू नगा."

"का?"

"जाळताना कवटी फुटाय पायजे, साहेब. पोराच्या आयनं सांगून धाडलंय. आवाज आल्याबिगार घरला येऊ नगा म्हणून."

हे तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे प्रेताला अग्नी दिला की लोक लगेच परतत नाहीत. आत कवटी तडकते, तिचा मोठा आवाज होतो. तो आला की जीव मोकळा झाला असं मानतात, मग सगळे उठतात. नाही आला तर म्हातारी माणसं म्हणतात, जीव आत अडकला. करवतीनं आधीच उघडलेली कवटी कशी तडकणार? ते मेजरांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

सरांनी मेजरांच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांना कुणाच्या खांद्यावर हात ठेवताना पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाले, "मरण छातीचं आहे. डोक्याला हात लावायचं कारणच नाही. दिला शब्द."

तासाभरानं बरणी माझ्या टेबलावर आली. आतला पडदा अजून कोमट होता.

सरांनी स्वतः टाके घातले होते, बारीक, वरच्या केसांच्या आत. हळद पुसून काढली होती. आणि त्या पोराचे लांब केस ओल्या कंगव्यानं विंचरून व्यवस्थित भांग पाडला होता. मेजरांनी चादर बाजूला केली, मुलाचं तोंड बघितलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला. "ह्या क्यासांवरनं लय शिव्या दिल्या म्या ह्याला. हिप्पी म्हणायचो. साहेब, तुमी भांग बी पाडला." आणि त्यांनी सरांचे पाय धरले. सरांनी ते धरू दिले.

पाऊस लागलेला होता. मुलाला कृष्णेकाठी नेलं, वखारीतली लाकडं मेजरांनी स्वतः निवडून घेतली. अग्नी त्यांनीच दिला. माणसं पत्र्याखाली बसून राहिली. आवाज आला नाही. संध्याकाळ झाली, एकेक करून लोक उठले. मेजर पावसात तसेच बसून होते.

राख सावडून झाली आणि मेजर इस्पितळात आले. सर मायक्रोस्कोपवर वाकले होते. मी बाजूला काचा पुसत होतो. त्या क्षणी नळीखाली कोण होतं ते मला माहीत होतं, कारण ती काच मीच सकाळी ठेवली होती.

"साहेब," मेजर म्हणाले, "आवाज आला न्हाई. पोराची आय अन्नाला शिवंना. तुमी तर डोस्क्याला हात लावला न्हाई. मग असं का झालं असंल?"

सरांनी डोळा काढला नाही. स्क्रू थोडा फिरवला. म्हणाले, "लाकूड ओलं असेल."

मेजर मग म्हणाले, "व्हय. पावसाचं दिस. लाकडं म्याच निवडली हुती." सलाम केला आणि गेले.

मी आयुष्यात सरांना एकदाच उलट बोललो, ते त्या दिवशी. म्हटलं, "साहेब, तुम्ही शब्द दिला होता. वर आता दोष त्याच्याच गळ्यात घातलात." आवाज चढला होता माझा, नोकरीची पर्वा नव्हती.

सर शांतपणे म्हणाले, "तो कारण विचारायला आला होता. मी कारण दिलं. खरं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं त्याला?" मग खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "ये, बघ. असा तुकडा तुला परत कापायला मिळणार नाही."

मी बघितलं. न बघून काय करतो? सगळीकडे निळं आणि शिरांच्या कडेनं जांभळे राखणदार, एकेक दाणा मोजावा इतके स्वच्छ. रोगाचा मागमूस नाही. सर माझ्या कानाशी पुटपुटत होते, "पावणं न्हवं ते. घरचंच हायत." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, यांना इथेच एक ठेवून द्यावी.

मेजर बाहेर पडले तेव्हा मी त्यांच्या मागे का गेलो नाही, असं तुम्ही विचाराल. जाऊन काय सांगणार होतो? तुमच्या पोराचं डोकं करवतीनं उघडलं आणि वर भांग पाडला, हे? मला त्या वेळी ओलं लाकूडच बरं वाटलं. पुढे काय होणार ते कुणाला माहीत होतं?

पुढे झालं ते असं. मेजरांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, लाकूड ओलं होतं, चूक माझी. ती बाई भाकरी थापता थापता उठली, हात धुतले आणि यष्टीत बसून वाईला माहेरी निघून गेली. तिकडे भावाकडे राहिली. मेजर दर महिन्याला जायचे, ती आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. ओसरीवर चहा प्यायचा आणि परत यायचं.

सर त्या काचा घेऊन मुंबईला गेले. नवा कोट शिवला होता. तिथं लोक म्हणाले, शिरांतलं रक्त धुऊन काढलं होतं का? रक्तातल्याच पेशी आहेत या. कुणीतरी म्हणे हसलंसुद्धा. सर परत आले, कोट खुंटीला लावला, तो शेवटपर्यंत तिथेच होता. परवा माझी नात, ती औषधशास्त्र शिकते, मला सांगत होती की मेंदूच्या पडद्यात कायमच्या मुक्कामी पेशी असतात हे आता सगळे मानतात. म्हणजे सर बरोबर होते. ऐकून मला आनंद झाला नाही. जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

इकडे मेजरांनी वेगळंच आरंभलं. गोदामाची पाळी संपली की ते कृष्णेकाठच्या वखारीत जाऊन बसायला लागले. एकेक ओंडका उचलायचे, दुसऱ्यावर आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की बाजूला. पावसाळ्याआधी सगळा ढीग पत्र्याखाली रचायचे, ताडपत्री घालायचे, मधून वारा खेळेल अशा फटी ठेवायचे, पलटणीतल्या शिस्तीत. वखारवाल्याला आधी त्यांचा त्रास वाटायचा, नंतर त्यानं किल्लीच देऊन टाकली. सांगलीत कुणाच्याही मयताला जा, मेजर तिथं असायचेच. सरण रचायचे आणि आवाज येईपर्यंत ताठ उभे राहायचे. आला की स्वतःशीच मान हलवायचे.

एका सहकाऱ्याच्या मयताला सर आणि मी बरोबर गेलो होतो. मेजरांनी सरांना पाहिलं, सलाम ठोकला. "साहेब, तुमी सांगितल्यापासनं एक बी मढं वल्ल्या लाकडावर जाऊ दिलं न्हाई."

सर म्हणाले, "छान. काडेपेटी आहे का?" मेजरांनी त्यांची सिगारेट पेटवून दिली.

परतताना रस्त्यात सरांनी माझ्या डोक्यावर टकटक केली. "बघ. तू उगाच तावातावानं बोलत होतास. चांगलं काम लागलं त्याला." मी पुढचा सगळा रस्ता त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग मेजरांची बायको वारली. वाईहून निरोप आला. मेजरांनी काय करावं? टेम्पो केला आणि सांगलीहून स्वतःची वाळवलेली लाकडं वाईला नेली. लोक हसले. तिथं काय लाकडं नाहीत? परत आल्यावर ते मला वखारीच्या दारात भेटले. चेहरा पार उतरलेला.

"तिचा आवाज लगीच आला," म्हणाले. "दाणकन. समदा घाट दचाकला. म्हंजे साहेब म्हनत हुतं ते खरं. लाकूड वाळल्यालं असतं तर पोराचा बी आला असता. माज्यामुळंच अडाकला त्यो."

मी म्हटलं, "मेजर, तसं काही नसतं हो. कवटी तडकायला शंभर कारणं असतात." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अडाणी आहे आणि ते मला माफ करतायत.

सर गेले ते हिवाळ्यात, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. डोळा मायक्रोस्कोपला तसाच. आम्हाला वाटलं बघतायत. चहा गार झाला तेव्हा कळलं. हृदय बंद पडलं होतं, दुसरा काही रोग नव्हता.

आता त्यांनी पाटलाला कितीदा तरी सांगून ठेवलेलं होतं. "म्हातारा, निरोगी, ताजा, असा नमुना आपल्याकडे नाही. मी गेलो की रडत बसू नको. आधी पडदा काढ." पाटलानं ते पाळलं. रडत होता आणि करवत चालवत होता, दोन्ही एकदम. मुंगीला वळसा घालणारा माणूस तो. त्याआधी पुतण्या गावाहून आला तेव्हा त्याला विचारलं होतं, तो म्हणाला, "काकांनी सांगितलंय तर करा." बरणी माझ्या टेबलावर आली. मी तिच्यावर नाव लिहिलं. माया आली असं म्हणवत नाही.

अडचण वेगळीच झाली. सरांना टक्कल होतं, तुळतुळीत. पाटलानं टाके कितीही बारीक घातले तरी या कानापासून त्या कानापर्यंत रेघ उठून दिसत होती. लोक दर्शनाला येणार. शेवटी शिपायानं आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि सरांना घातली. खंडेनवमीला ज्यानं फोडलेला नारळ सरांनी खरवडून टाकला तोच हा शिपाई. टोपी थोडी मोठी झाली, कानांवर आली. आयुष्यात टोपी न घातलेले आमचे सर टोपी घालून तिरडीवर निजले. गावचा कुणी कारभारी असावा तसे दिसत होते.

कृष्णेकाठी मेजर आधीच हजर होते. सरण त्यांनी स्वतः रचलं, एकेक ओंडका वाजवून. "साहेबासाठी येगळी काढून ठेवल्याली," मला म्हणाले. "दोन उनाळं खाल्ल्याली हायत." सरांना वर ठेवलं तेव्हा ते जवळ गेले, सलाम केला आणि जरा थबकले. "साहेब टोपी कवा घालाय लागलं?"

शिपाई म्हणाला, "थंडीचं घालत हुते हल्ली."

पुतण्यानं अग्नी दिला. लाकूड इतकं वाळलेलं की धूरसुद्धा झाला नाही, ज्वाळा सरळ वर गेल्या. सगळं कॉलेज आलं होतं. प्रोफेसर, डॉक्टर, ज्यांची डोकी त्यांनी वाजवली ते सगळे विद्यार्थी. रिवाजाप्रमाणे सगळे आवाजाची वाट बघत उभे राहिले. डॉक्टर झाली तरी माणसं आमच्याकडचीच, आवाजाआधी हलत नाहीत.

ऊन कलायला लागलं. आवाज नाही. मेजर चितेच्या जवळ जाऊन कान देऊन आले. मग ढिगाकडे गेले, उरलेला एक ओंडका उचलून दुसऱ्यावर आपटला. खण्ण वाजलं. पुन्हा आपटला. पुन्हा तसंच वाजलं. एक काटकी गुडघ्यावर मोडली, ती ताडकन मोडली. तिच्या मोडलेल्या टोकाकडे ते बघत राहिले, मग चितेकडे, मग परत काटकीकडे. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. तिकडं पाटलानं तोंड फिरवलं.

मेजर माझ्यापाशी आले. आवाज अगदी हळू होता, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"लाकूड वल्लं न्हाई."

"नाही," मी म्हटलं.

"साहेबाचं डोस्कं उघाडलंय. म्हणून टोपी."

मी मान हलवली. आता कशाला लपवायचं?

ते हातातली काटकी बोटांनी सोलत होते. मग म्हणाले, "त्यांला टोपी. माज्या पोराला क्यास हुतं."

त्यांनी काटकी खाली टाकली.

"पोराची आय माजं त्वांड न बघता गेली," म्हणाले. "आता हे कुणाला जाऊन सांगू?"

त्यांनी खिशातून वखारीची किल्ली काढली, माझ्या हातात दिली. चपला घातल्या. चितेकडे पाठ करून घाटाच्या पायऱ्या चढायला लागले. इतक्या वर्षांत आवाज यायच्या आधी मेजर घाटावरून निघालेत असं कधी झालं नव्हतं. एका प्रोफेसरांनी हाक मारली, "अहो मेजर, थांबा की. अजून आवाज आला नाही."

मेजर वळले नाहीत. वरच्या पायरीवरून म्हणाले, "यायचा न्हाई. जावा घरला."

पण कुणी गेलं नाही. जाणार कसं? रिवाज मोडायचा कुणाला धीर नव्हता. पाटलानं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं आणि दिवस मावळला, म्हणजे आता उद्या उजाडेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. सरांचा पडदा माझ्या टेबलावर बरणीत होता आणि आम्ही सगळे हात बांधून, अंधार पडेपर्यंत, त्यांची कवटी फुटायची वाट बघत उभे होतो.